जुनी पजेरो घेताय? आधी गाडीखाली जाऊन बघा

मित्सुबिशी पजेरो, चौथी पिढी, म्हणजे २००६ पासून २०२१ ला प्रॉडक्शन बंद होईपर्यंतची, ३.२ लिटर डिझेल. मित्राला सेकंड हँड घ्यायचीये म्हणून त्याच्यासोबत जाऊन एक नीट तपासून आलो, त्यावरून लिहितोय. पजेरो स्पोर्टशी गल्लत करू नका, ती पिकअपच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बनलेली वेगळी गाडी.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. या गाडीला सुटी चासी नाहीये, तिसऱ्या पिढीपासूनच लॅडर फ्रेम (शिडीसारखी खालची चौकट) बॉडीत वेल्ड केलेली आहे आणि चारही चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होतं, म्हणून तर खराब रस्त्यावर मागे बसलेल्यांची हाडं खिळखिळी होत नाहीत. पण गंज लागला की याच कारणाने प्रकरण वाढतं, बॉडी उचलून चासी बदलायची सोयच नाही, कापा आणि वेल्डिंग करत बसा. त्यामुळे बॉनेट नंतर, आधी रॅम्पवर चढवा नाहीतर टॉर्च घेऊन खाली झोपा. मागच्या चाकांच्या कमानी आतून बघा, सस्पेन्शनचे आर्म जिथे बसतात त्या जागा बघा, दरवाज्यांखालची पट्टी बघा, मागच्या एसीचे पाइपसुद्धा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकायचं, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर सावध व्हायचं.

आम्ही बघितलेल्या गाडीला खालून सगळीकडे ताजा काळा कोट मारलेला. मला ताजा कोट बघितला की शंका येतेच. कमानीच्या कडेला नखाने खरवडलं तर कोटासकट गंजाचा पापुद्रा हातात आला. विकणारा म्हणे गाडीच्या काळजीपोटी मारलाय, पण गंज न घासता वरून कोट मारला तर ओल आतच कोंडते आणि पत्रा आणखी लवकर जातो.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं, आधी फोन करून सांगा की तापवून ठेवू नका आणि गेल्यावर हात लावून खात्री करा. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेनही ताणली जाते. पुढच्या बाजूने खळखळ येत राहिली तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला. या गाडीचं इंजिन मात्र छान होतं, आवाज एकसारखा, धूर नाही, ऑइलच्या बिलांची फाइलपण व्यवस्थित.

आता फोर बाय फोर, ज्यासाठी ही गाडी घ्यायची! सुपर सिलेक्टची, म्हणजे मित्सुबिशीच्या फोर बाय फोर सिस्टमची, गंमत अशी की ४एच मध्ये (चारही चाकांना ताकद) डांबरी रस्त्यावरही बिनधास्त चालवता येते कारण मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, मोकळा असतो. ४एचएलसी मध्ये तो लॉक होतो, ते फक्त माती, वाळू, चिखल असेल तिथेच टाकून बघा, कोरड्या डांबरावर वळवलीत तर सगळा ताण गिअरवर येतो. लो रेंजसाठी (कमी वेग, जास्त ताकद) गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलला घ्या. प्रत्येक वेळी डॅशबोर्डवरच्या चाकांच्या लाइटकडे लक्ष ठेवा, लुकलुकत राहिल्या म्हणजे शिफ्ट पूर्ण झालेला नाही. कधीकधी नुसता व्हॅक्यूमचा पाइप किंवा सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) बिघडलेला असतो, पण ते आधी दुरुस्त करून दाखवायला सांगा, "वापरात नसल्यामुळे होतं" यावर गाडी घेऊ नका. आमच्याकडे ४एच लगेच लागलं, लो रेंजला मात्र बराच वेळ लुकलुकली.

तिसरी रांग जमिनीत घडी होऊन जाते, सामानाला मोकळी जागा मिळते, पण बाहेर काढायला खटपट आहे आणि गादी पातळ, पोरांना ठीक, मोठ्यांनी लांब जाऊ नये. तिच्यावर बसून मागचा एसी चालू करून बघाच, तो बहुतेक लोक विसरतात.

मागचं दार बाजूला उघडतं आणि स्टेपनीचं सगळं वजन त्याच्यावर, त्यामुळे बिजागरं हलवून बघा.

मित्राला सांगितलंय, कमानींचं वेल्डिंग आणि लो रेंजची दुरुस्ती धरून भाव उतरवत असेल तर घे, इंजिन त्या लायकीचं आहे. नाहीतर दुसरी बघू, फक्त त्याआधी आपल्या भागात पार्ट कोण देतं ते विचारून ठेव.