गावच्या वाचनालयात क्यूआर, व्हॉट्सॲप नि स्टोरीवीव्हर : आठ महिने वापरून झाल्यावर

जूनमध्ये सुरू केलं, आता फेब्रुवारी संपत आला, म्हणून लिहितोय. आमचं वाचनालय गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका गावात, देवळाशेजारी दोन खोल्या, सकाळी पेपर वाचायला आजोबा मंडळी नि संध्याकाळी काळं कुत्रं नाही. पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय म्हणजे 1832 पासूनचं खटलं, त्यांची गोष्ट वेगळी. आमच्याकडे एक जुना लॅपटॉप, एक टॅब नि मी.

मुलं का येत नाहीत विचारलं की सगळे मोबाईलवर ढकलतात. मला ते पूर्ण पटत नाही. आमच्या गावची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी प्रायमरीत, पाचवीपासून सगळं इंग्रजी, नि घरात कोंकणी, म्हणजे वाचायला जरा वेग येतोय न येतोय तोच मराठी एका विषयापुरती उरते. म्हणून मला दहा ते चौदा वयाची पोरंच पकडायची होती.

आधी स्टोरीवीव्हर घेतलं, म्हणजे मुलांच्या गोष्टींची वेबसाइट. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने 2015 ला काढलेलं, फुकट, वाचनाच्या चार लेव्हल, लायसन्स खुलं, त्यामुळे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून प्रिंट काढून वाटलं तरी चालतं. दुसरी-तिसरीतल्यांना जाम आवडलं. सहावीतला एक मात्र दोन पानं बघून "हें ल्हान भुरग्यांचें" (हे लहान मुलांचं) म्हणत टॅब परत देऊन गेला, आणि त्याचं बरोबरच होतं. मग त्यालाच म्हटलं, बाबा, हीच गोष्ट आपल्या गावच्या कोंकणीत करून दे. तर पठ्ठ्या दीड तास बसला, बेडकाला बेबो म्हणायचं की माणको यावरून आजीला फोन लावून भांडला, नि दुसऱ्या दिवशी दोन मित्रांना घेऊन आला.

व्हॉट्सॲपवर 13 वर्षांखालच्यांना अकाउंट काढता येत नव्हतं म्हणून आयांचे नंबर घेतले नि ब्रॉडकास्ट लिस्ट केली. महिनाभर कोणाचं उत्तर नाही. नंतर कळलं की समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर ब्रॉडकास्ट त्याला पोचतच नाही, चूक माझीच, आधी वाचायला हवं होतं. आता रोज एका पानाचा फोटो स्टेटसला टाकतो, ऐन रंगात आलेलं पान, नि स्टेटस 24 तासांत जातं, त्यामुळे शाळेतून आल्याआल्या आईचा फोन मागतात म्हणे.

खरा फायदा क्यूआरचा. ज्या मुलाने पुस्तक वाचलं त्याचा अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करायचा, ड्राइव्हवर टाकायचा, त्याचा कोड पुस्तकाला चिकटवायचा, फोनने स्कॅन केला की आवाज वाजतो. पालकांना विचारून, नि आडनाव न घेता. शेवट सांगायचा नाही एवढीच अट. पहिले कोड फुकटवाल्या एका साइटवर केले, दोन आठवड्यांनी सगळे बंद, पैसे भरा म्हणाले! ज्या कोडमध्ये लिंक थेट असते तो साधा कोडच करा, तो एक्स्पायर होत नाही, आणि ड्राइव्हची फाइल लिंक असलेल्या कोणालाही उघडेल अशी ठेवा, नाहीतर मुलांसमोर परमिशन मागत बसते. स्टिकरचं म्हणाल तर जुलैच्या दमटाने अर्धे सुटले, उरलेल्यांवर बुरशी. आता कव्हरच्या आतल्या बाजूला, वर रुंद सेलोटेप.

गणेश चवथीच्या दिवसांत सगळं थंडच होतं, ते धरूनच चालायचं. एरवी संध्याकाळी बाहेर सात-आठ सायकली असतात. खरं सांगायचं तर निम्मी पोरं दुसऱ्याचं ऐकायला येतच नाहीत, स्वतःचाच आवाज परत परत वाजवतात, नि आपला आवाज चिकटवायचा तर पुस्तक वाचावं लागतं म्हणून घरी नेतात. मला चालतं.

परवा पेपरवाल्या आजोबांपैकी एकांनी विचारलं, आमचा आवाज चिकटवता येईल काय रे? म्हटलं, येईल की, पण वाचनालयात फोन सायलेंटवर ठेवायचा. त्याला मात्र तयार नाहीत.