मिलानहून शनिवार-रविवार: फ्लोरेन्स की बोलोन्या?

मिलानमध्ये शिकणाऱ्या चार-सहा जणांचा शनिवार-रविवारचा बेत ठरवताना फ्लोरेन्स आणि बोलोन्या ही दोन नावं हटकून समोर येतात. दोन्ही शहरं एकाच वेगवान रेल्वेमार्गावर आहेत, मध्ये फक्त अपेनाइन्सचा डोंगर. पण फ्लोरेन्सचं वैभव बरंचसं दाराआड आहे आणि त्या दारांवर वेळ ठरवून दिलेली तिकिटं लागतात. बोलोन्याचं वैभव मुख्यतः रस्त्यावर, छताखालच्या पदपथांवर आणि ताटात आहे. म्हणून कुठलं शहर सुंदर हे ठरवण्याआधी बेत कधी पक्का होतोय ते पाहावं. तीन आठवडे आधी सगळे ‘हो’ म्हणाले असतील तर फ्लोरेन्स. गुरुवारी रात्रीपर्यंत ‘मी येतो, मी बघते’ चाललं असेल तर डोळे मिटून बोलोन्या.

गाडी

मिलानो चेन्त्राले या मुख्य स्थानकाहून फ्रेच्चारोसा किंवा इतालो या वेगवान गाड्यांनी बोलोन्या सव्वा तासाच्या आत, फ्लोरेन्स दोन तासांच्या आत येतं. या गाड्यांचं भाडं विमानासारखं चढत जातं. आठवडाभर आधीचं आणि आदल्या दिवशीचं भाडं यांत दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. फ्रेच्चारोसा चालवणाऱ्या त्रेनितालिया या रेल्वे कंपनीचं सदस्य-कार्ड मोफत मिळतं आणि 30 वर्षांखालच्यांना त्यावर वेगळी सवलत असते. मात्र त्या सवलतीच्या जागा मोजक्याच असतात.

बोलोन्याचा मोठा फायदा साध्या प्रादेशिक गाडीत आहे. पियाचेन्झा, पार्मा, मोदेना करत ती थेट बोलोन्याला साधारण तीन तासांत पोचवते. तिचं भाडं ठरलेलं असतं, शुक्रवारी संध्याकाळी घेतलं तरी तेवढंच. फ्लोरेन्सला प्रादेशिक गाडीने जायचं तर बोलोन्या आणि प्रातो इथे गाड्या बदलाव्या लागतात आणि एका बाजूचे जवळपास पाच तास जातात. दोन दिवसांच्या सहलीत हा सौदा परवडत नाही.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. ते राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. मोबाइलवरचं तिकीट असेल तर त्यावर चेक-इनबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचावं. फ्लोरेन्सचं तिकीट काढताना स्थानक फिरेंझे सान्ता मारिया नोव्हेल्ला आहे ना, ते पाहावं. काही गाड्या रिफ्रेदी किंवा काम्पो दि मार्ते इथेच थांबतात आणि तिथून पुन्हा लोकल शोधावी लागते. बोलोन्यात वेगवान गाड्यांचे 16 ते 19 क्रमांकाचे फलाट जमिनीखाली खोलवर आहेत. वर यायला किंवा साध्या फलाटावर जायला दहा मिनिटं सहज लागतात, त्यामुळे सात-आठ मिनिटांच्या अंतराने पुढची गाडी धरण्याचा हिशेब करू नये.

आणि संप. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी तारीख तपासणं शक्य असतं. प्रादेशिक गाड्यांसाठी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ही जी संपातही गाड्या चालण्याची हमीची वेळ सांगतात, ती कामाच्या दिवसांपुरतीच असते. रविवारी तिच्या भरवशावर राहिलात तर सोमवारचं पहिलं लेक्चर बुडालंच म्हणून समजा.

तिकिटं: इथे फ्लोरेन्सचा बेत फसतो

उफ्फीत्सी या कलासंग्रहालयाचं पूर्ण तिकीट 25 युरो आणि आगाऊ आरक्षणाचे 4 युरो वर. मुख्य कॅथेड्रलवरच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटावर चढायला 30 युरोंचा पास लागतो. त्यात घुमटाची वेळ ठरलेली असते आणि ती नंतर बदलता येत नाही. घुमटाला 463 पायऱ्या, लिफ्ट नाही. 1420 ते 1436 या काळात बांधलेल्या दुहेरी कवचाच्या मधल्या अरुंद वाटेने वर जायचं असतं. बंद जागेचा त्रास होणाऱ्याने खालीच थांबावं, अर्ध्या वाटेतून मागे फिरणं अवघड जातं. अकादेमिया संग्रहालयातला मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा धरला तर माणशी सत्तर युरोंच्या वर फक्त प्रवेशाला जातात.

सरकारी संग्रहालयांत 18 ते 25 वयोगटाला 2 युरोंत प्रवेश आहे हे ऐकून अनेक जण खूश होतात. ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. इटलीतल्या विद्यापीठाचं ओळखपत्र आहे म्हणून भारतीय पारपत्रावर ती मिळेलच असं गृहीत धरू नये. मात्र वास्तुकला, वारसा-जतन, कला-इतिहास अशा ठरावीक शाखांच्या विद्यार्थ्यांना सरकारी संग्रहालयांत मोफत प्रवेशाची तरतूद आहे आणि तिथे नागरिकत्वाऐवजी चालू वर्षाचा प्रवेशाचा दाखला पाहतात. मिलानच्या पोलितेक्निको विद्यापीठात वास्तुकला शिकणाऱ्यांनी तो दाखला छापून सोबत ठेवावाच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उफ्फीत्सी आणि अकादेमिया सगळ्यांना मोफत असतात. पण त्या दिवशी वेळ राखून ठेवता येत नाही, रांग लांबलचक होते आणि सहा जणांचा गट तिथेच अर्धा दिवस घालवतो. दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. मुख्य कॅथेड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे, पण रविवारी प्रार्थनेमुळे पर्यटकांना आत सोडत नाहीत. म्हणून कॅथेड्रल शनिवारी, उफ्फीत्सी रविवारी सकाळी पहिल्या वेळेला. उलटं केलंत तर दोन्हींपैकी एक हातचं जातं.

बोलोन्यात ही कसरतच नाही. 1390 मध्ये सुरू झालेलं सान पेत्रोनियो चर्च मोफत. त्याच्या फरशीवर खगोलशास्त्रज्ञ कासिनीने 1655 मध्ये आखलेली सुमारे 67 मीटर लांबीची रेषा आहे. छताच्या भोकातून पडणारा सूर्याचा ठिपका माध्यान्हीला तिच्यावरून सरकतो, म्हणून ऊन असेल तर आत जायची वेळ त्या हिशेबानेच धरावी. पश्चिमेतलं सर्वांत जुनं मानलं जाणारं विद्यापीठ (परंपरेने स्थापना 1088) याच गावात, आणि आर्किजिन्नासिओ या त्याच्या जुन्या इमारतीतलं लाकडी शरीररचना-सभागृह थोड्याच युरोंत पाहता येतं. एक उणीव मात्र खरी आहे: 97 मीटर उंच आसिनेल्ली मनोऱ्याच्या 498 पायऱ्या. शेजारचा कललेला गारिसेंदा धोकादायक ठरल्यामुळे ऑक्टोबर 2023 पासून हा परिसर बंद करण्यात आला. वर चढायला मिळेल असं गृहीत धरून जाऊ नये.

त्या उंचीची भरपाई सान लुका करतं. पोर्ता सारागोत्सापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत 666 कमानींचा, पावणेचार किलोमीटरहून जास्त लांबीचा छताखालचा रस्ता आहे. दुसरा अर्धा चढाचा आहे, बूट चांगले हवेत. पाऊस असला तरी हा बेत मोडत नाही. याउलट फ्लोरेन्सला पाऊस लागला आणि हातात आरक्षण नसलं, की दिवस वाया जातो.

खाणं, विशेषतः शाकाहारींसाठी

बोलोन्याची ख्याती मांसाची आहे. तोर्तेल्लिनी या छोट्या भरलेल्या पास्त्याच्या सारणात मांस, रश्शातही मांस. हिरवा लाझान्या पाहून फसू नये: हिरवा रंग पालकाच्या पिठाचा, थरांत मात्र खिमाच असतो. रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले मोठे तोर्तेल्लोनी, लोणी आणि सेजच्या पानांसोबतचे, ही शाकाहाऱ्यांची खरी मेजवानी. फ्लोरेन्समध्ये पाप्पा अल पोमोदोरो (टोमॅटो आणि पावाचं दाट सूप) किंवा रिबोल्लिता (भाज्या आणि पावाचं सूप) मागवता येतं; रिबोल्लितात मांसाचा रस्सा आहे का ते विचारावं. लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या पोटाचा भाग, हे माहीत असू द्यावं. पार्मेझान चीजमध्ये दूध घट्ट करणारं, वासराच्या जठरातलं रेनेट असतं. कडक शाकाहाऱ्यांसाठी हे दोन्हीकडे लागू.

शनिवारी रात्री सहा जणांचं टेबल आरक्षणाशिवाय कुठेच मिळत नाही. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलाचा आकार लागतो, ती फसवणूक नव्हे. विद्यार्थ्यांचं शहर असल्याने बोलोन्यात रात्रीचं खाणं-पिणं स्वस्त पडतं आणि जागही उशिरापर्यंत असते. मात्र व्यापारी प्रदर्शनं भरली की तिथली राहण्याची भाडी एकदम चढतात. मार्चमधलं कोस्मोप्रोफ हे सौंदर्यप्रसाधनांचं प्रदर्शन आणि वसंतातला बालपुस्तक मेळा यांच्या तारखा आधी पाहाव्यात. राहण्याच्या ठिकाणी दोन्ही शहरांत मूळ पारपत्र मागतात, शिवाय माणशी दर रात्रीचा पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो.

फ्लोरेन्सला गेलातच तर

मराठी माणसाने कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला जावं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि 1874 मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. शेजारच्या पुलाचं नावच पोन्ते अल्लिंदियानो, म्हणजे ‘भारतीयाजवळचा पूल’. उद्यान तीन किलोमीटरहून लांब असल्याने त्या टोकापर्यंत बरंच चालावं लागतं, जाऊन-येऊन अडीच तास धरावेत. तिकीट नाही, रांग नाही. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांच्या गटाला जवळपास आपल्याच वयात गेलेल्या त्या राजाची ही जागा उफ्फीत्सीइतकीच महत्त्वाची वाटायला हवी.

गटात एकमत होत नसेल तर मुक्काम बोलोन्यात ठेवून रविवारी फ्लोरेन्स करता येतं. वेगवान गाडीने अंतर चाळीस मिनिटांचं आहे. उफ्फीत्सी ज्यांना पाहायचं त्यांनीच फ्लोरेन्सची तिकिटं काढावीत, बाकीच्यांनी सान लुका चढावं किंवा प्रादेशिक गाडीने सव्वा तासावरच्या राव्हेन्नाला मोझेक पाहायला जावं. फ्लोरेन्सला गेलेल्यांनी परतीचं तिकीट थेट मिलानचं घ्यावं आणि सामान सकाळीच सोबत न्यावं. बॅगेसाठी बोलोन्यात पुन्हा उतरलं की तासभर तरी जातोच.