गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्या

एकट्या कामगाराला चालतील, बिऱ्हाडाला नाही. 10 बाय 10, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर सिमेंटचे पत्रे, चार खोल्यांत एक संडास. बाहेरून गिलावा नसेल तर घेऊच नका: चिरा सच्छिद्र, जूनपासून पाणी पितो आणि पुढे आतल्या रंगाला पोपडे सुटतात. पत्र्यांवर माडाच्या झावळ्या टाकल्या की एप्रिलची दुपार निभते. ट्रकच्या रस्त्याकडची खिडकी मात्र बंदच धरा, लाल धूळ भातातही उतरते. विहीर मे महिन्यात पाहा. खाणीचा खड्डा उपसला की आसपासच्या विहिरींचं पाणी खाली जातं. विजेचा सबमीटर वेगळा मागा. 2012 आणि 2018 मध्ये खाणी बंद पडल्या होत्या, म्हणून 11 महिन्यांच्या करारात महिनाभराच्या नोटिशीची अट लिहून घ्या.