फाउंटन ग्रास म्हणून घेतलं, निघाली वैरण

कोल्हापूरजवळ पाचगावच्या चढावर आमचं घर आहे. जमीन मुरमाड, वीतभर खणलं की पहार ठणकते. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. पंधरा वर्षांत मी इथं गुलाब लावले, हरळीचं लॉन केलं, सगळं एप्रिल-मे मध्ये डोळ्यांदेखत करपलं. म्हणून निवृत्तीनंतर ठरवलं, की कुंपणालगतच्या लांब पट्ट्यात कमी पाण्यावर तगणारं शोभेचं गवत लावायचं. जांभळट पानांचं, कोल्ह्याच्या शेपटीसारखी मऊ कणसं वाऱ्यावर झुलवणारं पर्पल फाउंटन ग्रास मी एका हॉटेलच्या दारात पाहिलं होतं आणि ते मनात बसलं होतं.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आमच्या कॉलनीत एक गृहस्थ आले. स्वच्छ कपडे, हातात फाईल, बोलणं अगदी अदबीचं. "काकू, तुमच्या मुरमाला हेच गवत. एकदा लावलं की पाण्याचं नावच नको." फाईलमध्ये फोटो होते, तेही मी पाहिलेल्या त्याच गवताचे. पट्टा मोजून त्यांनी 110 रोपं लागतील म्हणून सांगितलं. रोपाला 130 रुपये, वर 1,800 रुपयांचं "खास खत". एकूण 16,100. दहा हजार मी त्याच दिवशी मोबाईलवरून पाठवले, बाकीचे 6,100 रोपं आल्यावर रोख दिले. पावती मागितली तर त्यांनी लगेच दिली: "पर्पल पेनिसेटम, 110 नग." शास्त्रीय नाव बघून मी निर्धास्त झाले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पो आला. पिशवीत वीतभर उंचीची, जांभळ्या पानांची रोपं. त्यांच्याच माणसांनी दोन तासांत लावून टाकली. मी एकही पिशवी फाडून बघितली नाही.

पाऊस लागला आणि गवत असं काही वाढलं, की सुरुवातीला मला आनंदच झाला. गौरी-गणपतीला छातीइतकं झालं. फाउंटन ग्रास साधारण तीन ते चार फुटांवर थांबतं हे मी वाचलं होतं, पण म्हटलं पाऊस चांगला झालाय. दसऱ्याला ते माझ्या डोक्यावर गेलं. पानं दोन बोटं रुंद, मधली शीर पांढरी आणि जाड, कडा करवतीसारख्या. नात चेंडू काढायला आत शिरली आणि दोन्ही हातांवर ओरखडे घेऊन रडत बाहेर आली. कणीस मात्र एकही नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, "काकू, पहिल्या वर्षी येत नाही, थंडी पडू द्या."

खरी गोष्ट आमच्या दूधवाल्या मामांनी सांगितली. एरवी ते फाटकातूनच दूध देऊन जातात. त्या दिवशी आत आले, एक धाट वाकवून बघितलं आणि म्हणाले, "ताई, ही वैरण बागंत कशाला लावलायसा? ह्ये लाल नेपियर हाय. आमच्या म्हशीस्नी रोज घालतोय की." त्यांनी धाट विळ्यानं तोडून माझ्या हातात दिलं. अंगठ्याएवढं जाड, उसासारखी पेरं, प्रत्येक पेरावर डोळा. कोल्हापुरात जन्म गेला माझा, ऊस रोज बघते, आणि दारातली ही पेरं मला दिसली नव्हती याचं फार वाईट वाटलं.

नेपियर म्हणजे हत्ती गवत. दूध धंदेवाले ते मुद्दाम लावतात, कारण ते दहा-बारा फूट वाढतं आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा कापता येतं. पण त्यासाठी त्याला खत आणि पाणी दोन्ही भरपूर लागतं. म्हणजे मला जे हवं होतं त्याच्या बरोबर उलट. लागण दोन डोळ्यांच्या कांड्यांनी होते, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडे अशी कांडी अगदी किरकोळ भावात मिळते. तीच पिशवीत रुजवून मला 130 रुपयांना विकली.

आता पावतीकडे पुन्हा बघा. फाउंटन ग्रासचं शास्त्रीय नाव पेनिसेटम सेटेशियम, जांभळ्या जातीला 'रुब्रम' म्हणतात. नेपियरचं नाव पेनिसेटम पर्प्युरियम. (अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही सेंक्रस या प्रजातीत घेतात, रोपवाटिकांत मात्र जुनं नावच चालतं.) म्हणजे "पर्पल पेनिसेटम" हे शब्द दोन्हींना लागू पडतात. मी जाब विचारला तेव्हा पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "पावतीवर लिहिलंय तेच दिलंय." ते नकळत झालेलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. त्यानंतर फोन बंद. पावतीवर पत्ता नाही, दुकानाचा शिक्का नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत असते. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे फक्त एक मोबाईल नंबर होता. म्हणून कळकळीनं सांगते, बिलावर पूर्ण शास्त्रीय नाव, जातीचं नाव आणि विकणाऱ्याचा पत्ता असल्याशिवाय एक रुपया देऊ नका. "पर्पल", "इम्पोर्टेड", "दुष्काळी गवत" ही नावं नव्हेत.

रोपं आली की माणसं उभी असतानाच एक पिशवी उलटी करा. खऱ्या फाउंटन ग्रासची रोपं बहुतेक ठोंब फोडून करतात, त्यामुळे मातीत बारीक तंतुमुळांचा झुपका दिसतो आणि पानं करंगळीहून अरुंद असतात. नेपियर असेल तर मातीत उसाच्या बेण्यासारखी कांडी आडवी-उभी पुरलेली सापडते. रुब्रमच्या लहान कुंडीतल्या झाडालाही कणीस येतं, तेव्हा विक्रेत्याला कणीस धरलेलं मूळ झाड दाखवायला सांगा. आणि रुब्रमचं "बी" कुणी विकत असेल तर सरळ नाही म्हणा. त्याला उगवणारं बी जवळजवळ धरतच नाही.

"पाण्याचं नावच नको" हेही खोटंच. कमी पाण्यावर तगणारं गवतसुद्धा पहिल्या वर्षी मुळं खोल जाईपर्यंत पाणी मागतं. आपल्याकडे जूनमध्ये लावलं तर पाऊस ते काम करतो, पण ऑक्टोबरनंतर आठवड्यातून एकदा तरी बुडाशी पाणी हवंच. पुढच्या उन्हाळ्यापासून हात आखडता घेता येतो. पंचगंगेकाठच्या काळ्या जमिनीत असाल तर उलटी काळजी घ्या. तिथं पावसाळ्यात पाणी साचून बुडखा कुजतो, म्हणून मुरूम मिसळून उंचवटा करून लावा. ऊन दिवसभर हवं. खत कमीच, नत्र जास्त झालं की गवत माजतं आणि मधून फाकून आडवं पडतं. फेब्रुवारीत वीतभर ठेवून छाटा. दोन-तीन वर्षांनी ठोंब मधून पोकळ झाला की फोडून नवा लावा.

आमचं नेपियर काढायला दोन गडी दोन दिवस राबले. मामांनी गोठ्यासाठी भारे नेले, पण बुडखे पहारीनं उपटावे लागले, आणि मातीत राहिलेल्या पेरांतून आजही कोंब येतात. येता-जाता मी उपटते. त्या पट्ट्यात आता निम्म्या जागेत वाळा आहे, शेजारच्या वहिनींनी ठोंब फोडून दिलेला. उरलेल्या जागेत नऊ रुब्रम. रोपवाटिकेत जाऊन, कणसं हातानं चाचपून, नावानिशी बिल घेऊन आणलेले.

हे सगळं आता लिहायचं कारण, मागच्या आठवड्यात उजळाईवाडीला राहणाऱ्या मैत्रिणीनं मला काही फोटो पाठवले. "असं गवत घेऊ का गं? अर्धे पैसे आगाऊ मागतायत." फोटो तेच होते, माझ्या ओळखीच्या फाईलमधले. तिचे पैसे वाचले. त्या बाजूला आणखी कुणी भरले असतील, तर टेम्पो परत जायच्या आत एक तरी पिशवी उलटी करून बघा.