स्टाफचं जेवण: एकत्र स्वयंपाक, मेन्यूतली प्लेट की जेवणभत्ता?

नवं रेस्टॉरंट काढणारे खुर्च्यांच्या रंगावर महिनाभर काथ्याकूट करतात आणि स्टाफ काय नि कधी जेवणार, हे उद्घाटनाच्या दुपारी ठरवतात. पर्याय तीनच आहेत, पण प्रत्येकाची किंमत वेगळ्या ठिकाणी वसूल होते.

भत्ता हिशेबाला सर्वांत सोपा. पगारात रक्कम जोडली की मालक मोकळा. चार तासांच्या शिफ्टला तो पुरतो. दहा तास उभ्या असलेल्या कुकला मात्र बाहेर जाऊन जेवायला वेळ कुठला? मग हात धुवायच्या सिंकशेजारी उभ्यानेच चार घास, तेवढ्यात ऑर्डर आली की डबा फळीवर, आणि नंतर तो गार झालेला डबा तसाच राहतो.

मेन्यूतली प्लेट ज्याच्या त्याच्या आवडीची असते. वेटरला पदार्थ चाखायला मिळतो, हा तिचा मोठा फायदा. ‘हे कितपत तिखट आहे?’ या प्रश्नाला तो अडखळत नाही. पण ऐन गर्दीत स्टाफच्या ऑर्डरी गिऱ्हाइकांच्याच रांगेत घुसतात. नोंद झाली नाही तर साठ्याचा मेळ बसत नाही. महागडे पदार्थ वगळले की कुरबुर सुरू, ती वेगळीच.

एकत्र जेवणात सामान स्वस्तात भागतं, कारण कटिंगमधून उरलेली देठं, कडा, छोटे तुकडे उपयोगी पडतात. खर्च होतो तो माणसाच्या वेळेचा: कुणाला तरी तासभर त्यात घालवावाच लागतो. हे काम पाळीपाळीने नवख्यांकडे द्यावं. वीस जणांचा अंदाज घेणं, मीठ बेतानं टाकणं ते इथे शिकतात, आणि चुकलं तर गिऱ्हाईक जात नाही. मात्र ‘उरलेलं’ म्हणजे शिळं नव्हे. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सियसच्या वर, फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली, हे जागतिक आरोग्य संघटनेचे नियम स्टाफच्या पातेल्यालाही लागू आहेत. शिवाय एकाच पातेल्यात सगळ्यांची पथ्यं नि अॅलर्जी सांभाळली जात नाहीत, म्हणून एक साधा पर्याय वेगळा हवा. भांडी घासणारा उशिरा येत असेल तर त्याचा वाटा आधी काढून झाकून ठेवावा; नेमका तोच उपाशी राहतो.

दुपारच्या आणि रात्रीच्या सर्व्हिसमध्ये तासाभराची फट असेल, तर मी डोळे झाकून एकत्र जेवण निवडेन. फक्त जेवणाच्या वेळात मीटिंग घुसडायची नाही. किचन दिवसभर चालू असेल तर दोन पंगती कराव्यात. तेही जमत नसेल तर मेन्यूतले चार-पाच पदार्थ ठरवून, नोंद करून द्यावेत. भत्ता फक्त अर्धवेळ माणसांना.