प्लॅस्टिकची रीड: क्लॅरिनेटच्या वर्गातला पावसाळ्यापासूनचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या वर्गातल्या सगळ्या नवशिक्यांना मी प्लॅस्टिकची रीड (फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) देते आहे. मुलांसाठी डोळे झाकून घ्या. मोठ्यांचं मात्र वेगळं आहे.

केनची, म्हणजे बोरूसारख्या वनस्पतीपासून केलेली रीड वाजवण्याआधी ओली करावी लागते, नंतर पुसून सपाट ठेवावी लागते. नऊ-दहा वर्षांचं मूल हे विसरणारच. पावसाळ्यात ओली रीड तशीच डबीत राहिली की तिच्यावर काळे ठिपके धरतात, टोक वाकडंतिकडं होतं आणि कितीही फुंकलं तरी आवाज चिरकतो. मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. ते मला बघवत नाही.

प्लॅस्टिकची रीड लिगेचरमध्ये (रीड घट्ट धरणाऱ्या पट्ट्यात) बसवली की लगेच वाजते. पण मला तिचा खरा उपयोग झाला तो ओठ तपासायला. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा नुसता माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि बॅरल (त्याखालची आखूड नळी) जोडून फुंकलं, तर वरच्या सप्तकातल्या काळी तीनच्या आसपास स्वर यावा लागतो. ट्यूनर, म्हणजे स्वर मोजणारं यंत्र, लावून बघते. मुलांचा स्वर बहुतेक वेळा खाली उतरतो, कारण ओठ सैल असतात. मोठी माणसं खालचा ओठ दातांनी दाबून धरतात, त्यांचा वर चढतो. पूर्वी दोष रीडचा की ओठांचा, यातच तास जायचा. आता रीड सगळ्यांची सारखी, त्यामुळे जे ऐकू येतं ते ओठांचंच.

मोठ्यांपैकी बरेचजण भावगीतं, नाट्यगीतं वाजवायच्या ओढीने येतात. त्यांना मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग ओढत जाणं, हवी. भोकावरून बोट हळूहळू सरकवत, ओठ किंचित सैल सोडत स्वर ओढावा लागतो, आणि तिथे प्लॅस्टिकवर स्वर मध्येच उडी मारतो. केनवर तो जास्त सलग येतो. म्हणून ओठांची बैठक पक्की झाली की मोठ्यांना मी केनवर नेते. रीड जपणंही त्यांना जमतं.

किंमत बोचते: एका रीडला जवळपास केनच्या अख्ख्या पेटीइतके पैसे पडतात. टोक दातावर आपटलं तर तीही चिरते, तेव्हा टोपी लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. मुलांना दोन नंबरच्या रीडपासून सुरुवात करा; नंबर म्हणजे रीडचा कडकपणा. प्रत्येक कंपनीचे नंबर सारखे नसतात, त्यामुळे शक्य असेल तर दुकानात वाजवूनच घ्या.