पॅनिक अटॅकसाठी थेरपी: काही महिन्यांनंतरचा अनुभव (नाशिक)

गेल्या पावसाळ्यापासून गंगापूर रोडला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जाते आहे. द्वारका चौकात स्कूटी अडकली की छाती धडधडायची, हात बधिर व्हायचे. ईसीजी नॉर्मल आला, तरी अंबडला कामावर जाणं नकोसं झालं होतं.

याआधी घरच्यांनी दुसरीकडे नेलं होतं. तिथले सर माझं बोलणं अर्ध्यात तोडून सल्ले द्यायचे. शेवटी म्हणाले, "तुम्हालाच बरं व्हायचं नाहीये." ते वाक्य माझ्या मनात फार खोल रुतलं. पेशंटची इच्छा लागतेच, पण ती समोरच्याच्या वागण्याने वाढते किंवा मरते. हे मी आता ठामपणे सांगू शकते.

मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पुन्हा एकटीने गाडी चालवायची इच्छा 0 ते 10 मध्ये किती?" मी म्हटलं, 4. मला वाटलं, एवढी कमी का, असं विचारतील. त्यांनी विचारलं, "मग 2 का नाही?" आणि मी बोलतच सुटले. लेकीला क्लासला सोडायला रोज कुणाची तरी मनधरणी करावी लागते, नोकरी जायची भीती वाटते, आईकडे पंचवटीला जाणंसुद्धा थांबलंय. सगळी कारणं माझ्याच तोंडून आली, त्यांनी एकही सुचवलं नाही.

बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून येऊ देण्याची ही पद्धत, म्हणजे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली दारूच्या व्यसनावर काम करताना मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. 1993 साली मिलर आणि सहकाऱ्यांना असं दिसलं, की थेरपिस्ट जितका अंगावर जाई, तितकं पेशंटचं पिणं वर्षभरानंतरही जास्त असे. हे वाचलं आणि त्या सरांच्या वाक्याचं ओझं उतरलं.

उपचार म्हणाल तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची थेरपी: विचारांची नोंद, आणि भीतीच्या जागी थोडंथोडं जाणं. आधी नवऱ्याच्या मागे बसून द्वारका, मग सकाळी लवकर एकटीने, मग गर्दीच्या वेळी. धडधड काही मिनिटांत शिखर गाठते आणि आपोआप उतरते, हे तिथे थांबूनच कळतं.

नोंदवही मात्र मी कोरीच न्यायचे. मॅडम रागावल्या नाहीत. "वहीचं नेमकं काय अडतंय?" असं विचारलं. घरी कुणी वाचेल ही भीती आहे, हे तेव्हा बाहेर आलं. मग जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच लिहायचं ठरलं आणि वही भरू लागली. एकदा मी धीर करून म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही घाई केलीत." त्या म्हणाल्या, "हो, केली. कुठे ते सांगा." त्या दिवसानंतर मी काही लपवलं नाही.

295 अभ्यास एकत्र करून 2018 साली निघालेला निष्कर्ष असा, की थेरपिस्ट-पेशंट नातं आणि गुण येणं यांचा संबंध मध्यम, पण सातत्याने दिसतो. म्हणजे नुसत्या गोड स्वभावावर भागत नाही, पद्धतही हवी. म्हणून थेरपिस्टची अधिकृत नोंदणी आहे का ते आधी विचारा, आणि दोन-तीन भेटींत मोकळं बोलता येत नसेल तर बिनदिक्कत दुसरीकडे जा. फी परवडत नसेल तर सरकारची टेली-मानस 14416 ही हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गर्दीच्या लिफ्टमध्ये एकटीने जाणं मला अजून जमत नाही. पुढच्या भेटीपासून तेच हातात घेतोय.